बैलाला कुणी विचारलं?

बैलगाडी गेली म्हणून हळहळणाऱ्या माणसाला बैलगाडीतून उतरताना मी आजवर पाहिलेलं नाही. तो नेहमी मोटारीतून उतरतो. आधी काच खाली करून बाहेरच्या उन्हाचा अंदाज घेतो, मग दार उघडतो, हायवेवरच्या ढाब्यासमोर उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकावर हात ठेवतो आणि सुस्कारा सोडतो. "काय दिवस होते हो ते!" दिवस नेमके कुणाचे होते, हे तो सांगत नाही. चाकाला टेकून एक फोटो, साट्यावर चढून दुसरा, आणि मिसळ आली अशी हाक आली की सुस्कारा अर्धवट टाकून आत पळतो.

बैलगाडी गेली असं म्हणायची पद्धत असली, तरी खरं म्हणजे तिची बदली झाली आहे. शेतीखात्यातून सजावटखात्यात. ढाब्यासमोरची ती गाडी एकदा नीट पाहा. चाकांना लाल-पिवळा ऑइलपेंट, साट्यात प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा, जू जमिनीला टेकलेलं आणि वर पाटी: 'अस्सल गावरान थाळी'. पूर्वी तिच्यातून ज्वारी जायची, आता तिच्यावर ज्वारीच्या भाकरीचा भाव लिहिलेला असतो. तिच्या बहिणींची चाकं हॉटेलांच्या छताला आडवी टांगून, त्यात बल्ब खोचून झुंबरं केली आहेत. उरलेली फार्महाऊसच्या कुंपणात गेली. माझ्या ओळखीच्या एका बंगल्यात तर दिवाणखान्याच्या भिंतीवर अख्खं जू टांगलेलं आहे. शिवळांच्या भोकांत पितळी हुक बसवले आहेत आणि त्यांना घरातल्या सगळ्या किल्ल्या लटकवतात. हे काय आहे, असं मी धाकट्या सूनबाईंना विचारलं. "अँटिक," त्या म्हणाल्या. सासूबाई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी फक्त एकदा जुवाकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीत लक्ष घातलं.

गाडी म्हटली की तीन पक्ष आले: ओढणारा, हाकणारा आणि बसणारा. पहिला बोलत नाही. दुसऱ्याने हातात चार पैसे आले त्या दिवशी टेम्पो घेतला. तिसऱ्याने पहिल्या एस.टी.ला हात केला. मग हे डोळे पुसतंय कोण? तर चौथाच एक इसम, मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गाडीत दोन फेऱ्या मारून आलेला भाचा. पुढे हाच भाचा शिकला, शहरात गेला, त्याच्या हाती लेखणी आली आणि बैलगाडीचा इतिहास त्याने लिहिला. त्या इतिहासात सतत चांदणं पडलेलं असतं, घुंगरं वाजत असतात आणि चढ लागत नाही.

या भाच्यासाठी आता कृषी पर्यटन केंद्रं निघाली आहेत. हुरडा, झोका, पतंग आणि 'बैलगाडी सफर' असा तिथला कार्यक्रम असतो. साट्यात गादी, गादीवर लोड, गाडीवानाला मालकाकडून मिळालेला फेटा. गाडी शेततळ्याला वळसा घालते, आंब्याच्या झाडाखालून जाते आणि जिथून निघाली तिथेच परत येते. कुठेही न पोचणारी बैलगाडी मी पहिल्यांदा तिथेच पाहिली. बैलांना ही फेरी इतकी पाठ झाली होती, की सेल्फी पॉइंट आला की ते आपणहून थांबत आणि 'झालं का?' अशा नजरेने मागे बघत.

"काका, बैलांची नावं काय?" एका ताईंनी विचारलं.

"सर्जा आणि राजा."

गाडीत एकदम 'आऽऽह' झालं. सफर संपल्यावर मंडळी हुरड्याकडे गेली आणि मी गाडीवानाजवळ रेंगाळलो. खरी नावं हीच का, असं विचारलं तेव्हा त्याने फेटा काढून डोकं खाजवलं.

"हा मंत्री. त्यो बंड्या. पण मालक म्हनले, पाव्हन्यांना सर्जा-राजाच लागत्यात."

"मंत्री का?"

"जागचा हलत न्हाई."

संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर गाडीवान गोठ्यामागे गेला, फेटा खुंटीला अडकवला आणि मोटारसायकलला किक मारून घरी गेला. बैलगाडीने घरी का जात नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. एवढं शहाणं उत्तर पचवायची तयारी लागते.

आमच्या आजीसमोर बैलगाडीचं कौतुक करायची सोय नव्हती. तिचं माहेर दहा कोसांवर. चांदणी डोक्यावर असताना निघायचं आणि दिवेलागणीला पोचायचं. वाटेत मुरूम, मुरमात दगड, आणि चाकाला लोखंडी धाव. स्प्रिंग हा प्रकार गाडीच्या खानदानात कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक दगड थेट मणक्याशी बोलत असे. "गाडीत बसलं की हाडं मोजून घेता यायची," आजी सांगायची. "घरी पोचल्यावर पुन्हा मोजायची. कमी भरली तर आईला सांगायचं." बाळंतपणासाठी माहेरी जाताना ती अर्धी वाट गाडीच्या मागून चालत गेली होती. गाडीत बसण्यापेक्षा चालणं बरं, असं पोटातल्या बाळाचंही मत पडलं असावं. वाटेत बैलांना पाणी पाजायला थांबायचं, बैल रवंथ करेपर्यंत थांबायचं. बायकांना पाय मोकळे करायचे असतील तर मात्र पुढच्या ओढ्यापर्यंत कळ काढायची. गाडी कुणाच्या सोयीने चालते, हे आजीला लहानपणीच कळलं होतं.

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढच्या काही वर्षांत लाल डबा आजीच्या गावच्या फाट्यावर येऊन थांबू लागला. आजी त्यात चढली ती पुन्हा बैलगाडीत म्हणून बसली नाही. एस.टी. कितीही आदळली तरी ती हसत बसायची. आम्ही वैतागलो की म्हणायची, "अरे, हे आदळणं तासाभरात संपतं." तिच्यापाशी तुलनेची सोय होती. ती सोय आपल्यापाशी नाही, म्हणून आपण हळहळतो.

हळहळायचंच असेल तर त्याला जागा आहे, फक्त ती साट्यात नाही, चाकापाशी आहे. गावच्या लोहाराला धाव चढवताना ज्याने पाहिलं असेल त्याला हे पटेल. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले बाभळीचे पाटे, असं सगळं सुताराने जुळवून दिलेलं लाकडी चाक जमिनीवर आडवं ठेवलेलं असे. शेजारी गोवऱ्यांचा मोठा गोल जाळ आणि त्यात लालबुंद होत असलेली लोखंडी धाव. ही धाव चाकाच्या घेरापेक्षा जाणूनबुजून थोडी लहान केलेली असते. तापली की ती फुगते. मग तिघे-चौघे चिमट्यांनी ती उचलून चाकावर आणायचे, लाकडातून भपकन धूर उठायचा, घण पडायला लागायचे आणि ती पुरती बसली की घागरीच्या घागरी पाणी. चर्रर्र आवाज होऊन लोखंड आकसायचं आणि आकसताना सगळे आरे, सगळे पाटे तुंब्याकडे ओढून असे करकचून आवळायचं, की खिळ्याशिवाय चाक एकजीव व्हायचं. धाव किती लहान ठेवायची याचं मोजमाप कुठल्या पुस्तकात नव्हतं. जास्त लहान झाली तर चढत नाही, कमी लहान झाली तर पहिल्याच ओढ्यात निघून येते. हे लोहाराच्या नजरेत असायचं, आणि ती नजर लोहाराबरोबर गेली. त्याचा मुलगा आता ट्रॉलीचे हुक वेल्डिंग करतो आणि वडिलांपेक्षा चांगले पैसे मिळवतो. त्याच्यापुढे सुस्कारा टाकून पाहा. तो म्हणेल, सरका, ठिणगी उडेल.

आणि वंगणाचा तो नळा. साट्याखाली लटकणारा, तेलकट काळ्या चिंध्या कोंबलेला. ना त्याला कुणी हाक मारली, ना कधी कुणी भाडं विचारलं. गाडी जेजुरीला गेली तर हा जेजुरीला, गाडी पंढरपूरला गेली तर हा पंढरपूरला. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. आता गाडी गेली आणि नळे मात्र वाढले. प्रत्येक मंत्र्याच्या परदेश दौऱ्यात तुम्हाला ते मोजता येतील. फरक इतकाच, की जुना नळा वंगण स्वतःजवळ बाळगून असे आणि ते आखाला लावायच्याच उपयोगी पडे.

शहरात बैलगाडीची जागा टांग्याने घेतली होती. टांग्याचा घोडा हा एकाच वेळी इंजिन, ब्रेक, हॉर्न आणि विरोधी पक्ष असे. स्टेशनबाहेर टांगेवाल्याशी भाडं ठरलं म्हणजे ठराव अर्धाच मंजूर झाला, असं समजायचं. घोडं पेंड खात असेल तर त्याची पेंड संपेपर्यंत आपण सामानावर बसून राहायचं. शिवाय टांग्याचा तोल हे वेगळंच शास्त्र. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याचे पुढचे पाय जमिनीशी फारकत घेऊ लागतात. म्हणून वजनदार माणूस पुढे बसायला हवा. पण हे बोलायचं कसं? आमच्या स्टँडवरच्या टांगेवाल्याने त्यावर तोडगा काढला होता. आमचे एक मामा अंगाने चांगले भरलेले. त्यांना पाहिलं की तो अदबीने म्हणायचा, "मालक, तुम्ही पुढं या, मानाची जागा." मामांची हयातभर समजूत होती, की आपल्या घराण्याला या गावात मान आहे.

घोड्याची स्मरणशक्ती ही टांगेवाल्याची मोठी अडचण होती. रोजच्या गिऱ्हाइकांची दारं घोड्याला पाठ असायची, तिथे तो न सांगता थांबायचा. त्यात एक दार असं होतं, की जिथे कुणाही गिऱ्हाइकाचं घर नव्हतं. संध्याकाळी सातनंतर त्या गल्लीतून टांगा न्यावा लागला की घोडा देशी दारूच्या गुत्त्यासमोर येऊन शांतपणे उभा राहायचा. मागे सोवळ्यातल्या आत्याबाई बसलेल्या. "दमला हो बिचारा," टांगेवाला म्हणायचा. "रोज इथेच दमतो का?" आत्याबाईंनी एकदा विचारलं. आजच्या रिक्षात कॅमेरा बसवा, जीपीएस बसवा, चालकाविरुद्ध इतका निर्विवाद पुरावा मिळणार नाही.

सिनेमाने मात्र टांग्याला डोक्यावर घेतलं. ओ. पी. नय्यर यांनी टापांचा ठेका गाण्यात आणला आणि तो इतका लोकप्रिय झाला, की त्याला लोक टांग्याचा ठेकाच म्हणू लागले. त्यातला एक पैसा कुठल्या घोड्याच्या तोबऱ्यात पडल्याचं ऐकिवात नाही. पुढे १९७५ साली 'शोले' आला. बसंती काय काय बोलली ते अख्ख्या देशाला पाठ आहे. धन्नोची बाजू अजून कुणी ऐकलेली नाही.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली ती घोड्यांनी ओढलेली. रूळ लोखंडाचे, डबा लाकडाचा आणि पुढे घोडे. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत साहेबासह सगळ्यांना ते ओढत नेत. १९०७ साली विजेची ट्राम आली. ती ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली तेव्हा तिच्या शेवटच्या फेरीला मुंबईकरांनी रस्त्याच्या दुतर्फा गर्दी केली. घोडे गेले त्याबद्दल कुणी डोळे पुसल्याच्या गोष्टी मात्र कानावर येत नाहीत. व्हिक्टोरियाची, म्हणजे मुंबईतल्या त्या हौशी घोडागाडीची, गोष्ट त्याहून पुढची. जून २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की माणसांच्या हौसेखातर शहराच्या रस्त्यांवर घोडागाड्या पळवणं बेकायदा आहे, वर्षभरात त्या बंद करा. लगेच लेख आले. मुंबईचं वैभव गेलं, मरीन ड्राइव्ह ओकीबोकी झाली. पत्रकारांनी मालकांना विचारलं, चालकांना विचारलं. चालकांचा प्रश्न खरा होता, घरात चूल पेटायची ती त्या चार चाकांवर. पण हळहळण्यात सगळ्यांत पुढे होते ते पर्यटक, ज्यांचा त्या घोड्याशी जन्मात पंधरा मिनिटांचा संबंध आला होता आणि तोही त्याच्या पाठीमागून.

मग २०२१च्या मार्चमध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. तेच नक्षीकाम, तीच उंच गादी, तेच कंदील, तशीच समुद्राची हवा. फक्त घोडा नाही. घोड्याच्या दृष्टीने इतका चांगला निर्णय दुसरा झाला नसेल. आणि बसणाऱ्याच्याही लक्षात आलं, की आपल्याला हवं होतं ते सगळं शिल्लक आहे. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याच्यावर प्रेम करतो असं सांगत होतो, तो प्राणी वजा केल्यावर आपल्या मजेत काहीही कमी झालं नाही. स्मरणरंजनाचा इतका चोख हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बैलावर खरं प्रेम केलं ते राजकारणाने. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून काँग्रेसचं चिन्ह होतं जू खांद्यावर घेतलेली बैलजोडी. १९६९ला पक्ष फुटला आणि ही जोडी गोठवली गेली. बैलांना पहिल्यांदाच सुट्टी मिळाली ती निवडणूक आयोगाकडून. पण पेट्रोल महागलं की त्यांना पुन्हा बोलावणं येतं. १९७३ साली तेलाच्या संकटात पंतप्रधान इंदिरा गांधी बचतीचा धडा म्हणून घोड्याच्या बग्गीतून कामाला गेल्या, तर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दरवाढीच्या निषेधार्थ जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. सरकार बग्गीत, विरोधक बैलगाडीत. दोघांनाही ओढणारा चार पायांचा आणि दोघांनाही मत न देणारा. पुढे सरकारं बदलली, विरोधक बदलले, बैलगाडी तीच राहिली. जुलै २०२१मध्ये मुंबईत अँटॉप हिल भागात काँग्रेसने इंधन दरवाढीविरुद्ध बैलगाडी मोर्चा काढला. कार्यकर्ते एकामागून एक गाडीत चढत गेले, घोषणा टिपेला पोचल्या आणि गाडीच मोडून सगळे खाली आले. बातमी देशभर गाजली. दरवाढीचं काही झालं नाही. मला मात्र राहून राहून त्या बैलांचं कौतुक वाटतं. पेट्रोल किती रुपयांनी वाढलं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, पण किती माणसं म्हणजे फार झाली, हे त्या दोघांच्या गाडीने पक्षश्रेष्ठींच्या आधी ओळखलं.

वास्तविक याबाबत कायदा आहे. १९६५चे नियम आहेत, ओझी वाहणाऱ्या आणि गाड्या ओढणाऱ्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी केलेले. हाकणारा आणि सहा वर्षांखालची पोरं सोडून जनावराच्या गाडीत चारपेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत. बैल लहान की मध्यम की मोठा, चाकाला बेअरिंग आहे की नाही, टायर आहे की नाही, यावरून किती वजन घालायचं याचा तक्ताच दिला आहे. पुढे तर वाचताना माझे डोळे पाणावले: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती हवीच, आणि पारा ३७ अंशांच्या वर जात असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. हे मी आमच्या शेजारच्या संगणक अभियंत्याला वाचून दाखवलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तो नुकताच ऑफिसातून आला होता. त्याने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "काका, याला अर्ज कुठे करायचा?" पुण्यातल्या दुकानदारांनी दुपारची वामकुक्षी या नियमातूनच उचलली असावी, असा मला संशय आहे, फक्त ३७ अंशांची अट त्यांनी गाळली.

शर्यतीच्या बैलाचे दिवस मात्र सध्या चांगले आहेत. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रात त्यांना परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. घाट पुन्हा गुलालात न्हाले. शर्यतीच्या बैलाला दूध, अंडी, डाळी असा खुराक असतो. घरातला नातू दूध पीत नाही म्हणून रडारड आणि गोठ्यात बादली लागलेली. या बैलाची किंमत लाखांत जाते, त्याचे फोटो फ्लेक्सवर लागतात, 'आमचे प्रेरणास्थान' अशा मजकुरासह. पण मला गंमत वाटते ती बक्षिसांची. काही सेकंदांत घाट मारून गेलेल्या जोडीला बक्षीस काय? मोटारसायकल, ट्रॅक्टर, चारचाकी, कधी कधी चक्क जेसीबी. बैल जीव तोडून धावतो आणि जिंकून आणतो तो ट्रॅक्टर. म्हणजे आपल्याच जातभाईंच्या पोटावर पाय देणारं यंत्र तो स्वतः कमावून दारात उभं करतो, आणि वर त्याच्याच गळ्यात हार घालून त्या ट्रॅक्टरशेजारी फोटो निघतो. पोळ्याला ट्रॅक्टरलाही झेंडूच्या माळा घालतात, गोंडे बांधतात. पुरणपोळी तेवढी अजून त्याला खाता येत नाही, ती ड्रायव्हर खातो.

मान म्हणून खरा मान पाहायचा असेल तर तो आषाढीच्या वाटेवर. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रथ ओढायला कुणाची जोडी निवडली, ही आळंदीत दर वर्षी बातमी होते. त्या मानकरी घराचा आनंद पाहण्यासारखा असतो. बैलांना महिनोन्‌महिने आधी सराव देतात, पंचक्रोशी त्यांना बघायला येते. आणि प्रवासी कोण, तर पादुका. लवकर चला म्हणत नाहीत, मध्येच उतरून फोटो काढत नाहीत, गाडी उलाळ करत नाहीत. बैलाच्या वाट्याला असा प्रवासी एकदाच येतो.

आता राहिली ती गाडी, जिच्याविषयी हळहळणाऱ्या मंडळींपैकी कुणीच बोलत नाही. कारण ती गेलेलीच नाही. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीची कुटुंबं निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता अशा हिशेबाने. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर, पोरं कडेवर. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर पहाटे तीन-चारला टायरच्या बैलगाड्यांची रांग लागते. फडात तोडलेला दोन-तीन टन ऊस साट्यावर मोळीवर मोळी रचलेला, त्या उसाच्या वर कुडकुडत बसलेली बाई, तिच्या कुशीत झोपलेलं मूल आणि पुढे मान खाली घालून चाललेले दोन बैल. मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवलेला असतो, कारण मागून आपली मोटार येत असते. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढे रांग लागते, बैल सोडून गाडीलाच बांधतात, समोर वाढं टाकतात. गाडी रिकामी झाली की पुन्हा फड. हे महिनोन्‌महिने चालतं. चढावर बैल गुडघ्यावर आला की गाडीवान उतरतो, त्याची बायको उतरते आणि दोघं मागून रेटा देतात. त्या घटकेला ओढणारा कोण आणि हाकणारा कोण, हे सांगणं अवघड असतं. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांना २०२२मध्ये हे बघवलं नाही आणि त्यांनी जुवाखाली भार पेलणारं एक फिरतं चाक बसवून पाहिलं. बैलगाडीला चाकं लागून हजारो वर्षं झाली, त्यातलं बैलासाठी लावलेलं हे पहिलं असावं.

या गाड्यांपाशी एकही मोटार थांबत नाही. उलट हॉर्न वाजतो. "काय हे, भर रस्त्यात बैलगाड्या!" असं म्हणणारा आवाज ओळखीचा वाटतो. नीट ऐकलं तर तो ढाब्यासमोर सुस्कारा सोडणाऱ्याचाच असतो. बैलगाडीला बैल नसले की आपल्याला त्यांची आठवण येते. बैल असले की ते आडवे येतात.

तेव्हा ज्यांना जुने दिवस परत हवे आहेत त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तिकीट नाही, आगाऊ नोंदणी नाही. भाकरी बांधून पहाटे तीनला कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहायचं. रस्ता खराब, चांदणं अस्सल, घुंगरंही असतात. मी मुकादमाकडे जागेची चौकशी करून ठेवली आहे. तो म्हणाला, वर बसायला जागा मिळायची न्हाई, उसानंच गाडी भरलीया. जुवाखालची उजवी बाजू मात्र मोकळी व्हायच्या बेतात आहे, बैल लंगडतोय.